मोरी बघणाऱ्या बाई

आमच्या रसायनशास्त्राच्या बाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी मोरी बघत. यजमानांनी हॉल दाखवला, नवा सोफा दाखवला, बाल्कनीतून दिसणारा डोंगर दाखवला, तरी बाई "हो, छान" एवढंच म्हणायच्या आणि विचारायच्या, "मोरी कुठंय?" लोकांना वाटायचं, यांना हातपाय धुवायचे असतील. बाई मोरीच्या दारात उभ्या राहायच्या, जाळीकडे बघायच्या आणि विचारायच्या, "हे पाणी जातं कुठे?"

"खाली जातं."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे... खाली."

मग बाई निमूट बाहेर येऊन चहा घ्यायच्या. त्यांच्या लेखी घर बघून झालेलं असायचं. "हॉल दाखवण्यासाठीच असतो," त्या म्हणायच्या. "माणसं कशी राहतात ते मोरीत कळतं."

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांनी सोनिवलीला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला सगळा स्टाफ गेला होता. आम्ही काही विद्यार्थीही पानं वाढायला होतो. सरांनी सोसायटीचं माहितीपत्रकच बाईंच्या हातात ठेवलं. त्यात जलतरण तलाव होता, जॉगिंग ट्रॅक होता आणि एका ओळीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रही होतं. सर म्हणाले, "बघा बाई, तुमची मोरीसुद्धा दिलीय बिल्डरनं." बाईंनी ती ओळ वाचली, प्रसादाचा द्रोण उचलला आणि लिफ्टने तळमजल्याला गेल्या. अर्ध्या तासाने वर आल्या. प्रक्रिया केंद्राला कुलूप होतं. वॉचमनला गाठून त्यांनी ते उघडायला लावलं होतं. आत बिल्डरच्या उरलेल्या टाइल्स आणि सोसायटीच्या गणपतीचं मखर ठेवलेलं होतं.

"बाई, वास्तुशांतीला आलात की धाड घालायला?" सर तडकलेच.

"जेवायला आले," बाई म्हणाल्या. "पण मखर छान आहे हं तुमचं."

सरांचं आणि त्यांचं त्या दिवसापासून जे सुरू झालं ते अनेक वर्षं चाललं. स्टाफरूममध्ये बाई शिरल्या की सर मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "चहा पटकन संपवा रे, इन्स्पेक्शन आलं."

आता त्यांना बाई का म्हणायचं, तेही सांगायला हवं. सिनियर कॉलेजात सगळ्या मॅडम असतात. यांना मॅडम म्हटलेलं चालत नसे. "मॅडम म्हटलं की माझ्या मागे दुसरंच कुणी उभं आहे असं वाटतं," त्या म्हणायच्या. सुती साडी, त्यावर ॲसिडने भोकं पडलेला ॲप्रन आणि पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज. शूज कशासाठी, तर नाल्यात उतरायला.

आमचं कॉलेज अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या पट्ट्यात. चिखलोलीला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत. पुढच्या बाजूला नवे टॉवर, मागच्या बाजूला नाला. तो नाला कधी पिवळा वाहायचा, कधी लाल, कधी काळा. वर्गात बसून आम्ही पैजा लावायचो, आज कुठला. हा नाला पुढे नदीला मिळतो. नदीकाठी उल्हासनगर आहे आणि माझ्या वर्गातली अर्धी मुलं तिकडून यायची.

प्रयोगशाळेचं पाणी सरळ या नाल्यात पडत होतं. कॉलेज सुरू झाल्यापासून पडत होतं. हे कुणापासून लपलेलं नव्हतं, पण कुणी ते मनावरही घेतलं नव्हतं. बाई विभागप्रमुख झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी गवंडी बोलावून प्रयोगशाळेतली सगळी सिंकं बुजवून घेतली. वरती तीन-चार रंगीत टब ठेवले. टेस्ट ट्यूबमध्ये उरलेलं टबात टाकायचं, आणि टबही वेगवेगळे. ॲसिडचा वेगळा, जड धातूंचा वेगळा. सिंक बुजल्यावर शोध लागला तो आम्ही किती फेकतो याचा. टब दुपारपर्यंत भरायचे आणि घातक कचरा नेणाऱ्या गाडीची वाट बघत राहायचे. मग बाईंनी प्रयोगच लहान केले. अर्धी टेस्ट ट्यूब भरून जे व्हायचं ते चार थेंबांत करायचं.

"बाई, रंगच दिसत नाही," आम्ही कुरकुरायचो.

"मग डोळे मोठे करा. टेस्ट ट्यूब कशाला मोठी हवी?"

प्रॅक्टिकलची शेवटची दहा मिनिटं मोरीची असत. निष्कर्ष लिहून झाला की प्रत्येकाने उभं राहून सांगायचं की माझ्याकडे काय उरलं, त्याचं मी काय केलं आणि ते आता कुठे जाईल. उत्तर "खाली" असेल तर पुन्हा सगळं सांगायचं. त्याला मार्क होते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात असलं काही नव्हतं. बाईंनी आपल्या अंतर्गत मार्कांतून ते काढले होते.

त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना त्यांनी रडवलेलं मी पाहिलंय. एकीने घाईत थोडं द्रावण खिडकीबाहेर टाकलं, तर बाईंनी तिला खिडकीखाली नेऊन तिथलं गवत दाखवलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "याची माफी कोण मागणार?" गवताची माफी! ती मुलगी नंतर बरेच दिवस प्रॅक्टिकलला आली नाही. बाई तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आल्या खऱ्या, पण घरी गेल्या म्हणजे तिथंही त्यांनी काय बघितलं असेल ते सांगायला नको. लग्नाला जाताना त्या स्वतःचा स्टीलचा पेला नेत. निरोप समारंभाला फुगे आणायचे नाहीत असा त्यांचा दंडक होता, म्हणून आम्ही फुगे गच्चीवर नेऊन फोडायचो. माणूस सतत बरोबर असला की त्याच्यापासून पळावंसं वाटतं, आणि आम्हीही पळायचो.

माझं त्यांच्याशी जमलं ते एका भांडणातून. आमचं घर पत्रकांचं घर. वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते आणि युनियनमध्येही. जेवायच्या पाटाखाली पत्रकं, देवाच्या फोटोमागे पत्रकं. मी अक्षरं शिकले तीच "बंधूंनो आणि भगिनींनो"पासून. दुसऱ्या वर्षाला असताना मी रासायनिक कारखान्यांविरुद्ध एक पत्रक लिहिलं आणि कॉलेजच्या गेटवर वाटत उभी राहिले. बाई थांबल्या. पत्रक पूर्ण वाचलं आणि मला परत दिलं.

"चांगलंय. विशेषणं कमी कर. 'नरराक्षस' वगैरे कशाला? कुठला पाइप कुठे पडतो ते लिही."

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, ते टँकरच्या टँकर रिकामे करतात आणि तुम्ही आम्हाला थेंब मोजायला लावता. नदी आमच्या टेस्ट ट्यूबांनी मेली का?"

"नाही."

"मग?"

"त्या कारखान्यांत शिफ्टला केमिस्ट कोण असतो गं?"

मी हातातली पत्रकं सारखी करू लागले.

"आपलीच पोरं असतात," बाई म्हणाल्या. "इथून बीएस्सी होतात आणि तिथे लागतात. मालक काही मध्येच येऊन स्वतःच्या हाताने व्हॉल्व्हचं चाक फिरवत नाही. सुपरवायझर म्हणतो, सोड रे, आणि आपला कुणीतरी सोडतो. इथे तीन वर्षं त्यानं सिंकातच ओतलेलं असतं. त्याला त्यात काय वेगळं वाटणार?"

मी अजूनही पत्रकं लिहिते आणि अजूनही मालकांनाच धरते. पण कॉलेज या गोष्टीकडे बघायची माझी नजर त्या दिवशी बदलली. तोवर मला वाटायचं, कॉलेज म्हणजे एक इमारत, जिथून आम्ही बाहेरच्या जगावर हल्ला करायचा. बाहेरचं जग त्याच इमारतीत तयार होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मूल्यांकनाचं वारं आलं. बाहेरून समिती येणार, कॉलेजला श्रेणी देणार. त्यात पर्यावरणालाही गुण. प्राचार्यांनी घाईने हरित समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून साहजिकच बाईंना केलं. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मला घेतलं, म्हणजे मी गेटवर उभी राहणार नाही. फिजिक्सचे सर सदस्य होते. प्राचार्यांच्या डोक्यात चित्र तयार होतं. नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणायच्या, गेटपासून ऑफिसपर्यंत दुतर्फा लावायच्या, 'हिरवे कॉलेज, सुंदर कॉलेज' असा मोठा फ्लेक्स लावायचा आणि समिती गेली की कुंड्या परत.

पहिल्या बैठकीत बाई म्हणाल्या, "काहीही नवीन आणायचं नाही. प्रत्येक विभागानं आधी स्वतःची मोरी शोधायची."

"अहो, मराठी विभागाला कसली मोरी?" मराठीचे सर हसले.

"तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ देता. पाहुणे तो गाडीत ठेवतात आणि पुढच्या वळणावर टाकतात. मी बघितलाय."

"मग द्यायचं काय?"

"काही देऊ नका. त्यांचं एखादं पुस्तक मुलांना वाचायला लावा आणि पाहुण्यांपुढे चार प्रश्न विचारा. खूश होतील."

कॉमर्सची मोरी म्हणजे महोत्सवाचे फ्लेक्स निघाले. परीक्षा विभागाची म्हणजे कोऱ्या राहिलेल्या उत्तरपत्रिका. ऑफिसची म्हणजे एकाच अर्जाच्या तीन-तीन प्रती. प्राचार्य डोकं धरून बसले. "बाई, आपल्याला झाडं लावायची आहेत हो. तुम्ही गटारं काय उघडताय?"

"झाडं लावू की. पण त्यांना पाणी कुठलं घालणार? मागच्या नाल्याचं?"

सगळ्यात मजा कँटीनमध्ये झाली. कँटीनवाले शेठ उल्हासनगरचे सिंधी. त्यांच्या दाल-पकवानसाठी शेजारच्या कॉलेजची मुलंही यायची. बाईंनी कागदी प्लेटा बंद करून स्टीलच्या आणायला सांगितल्या.

"अरे मॅडमजी, स्टील धुवेल कोण? मी की तुम्ही?"

"जो खाईल तो."

"साईं, इथे मुलं खुर्ची सरकवत नाहीत, प्लेट काय धुणार?"

"मी धुते पहिली," असं म्हणून बाईंनी दाल-पकवान मागवलं, खाल्लं आणि प्लेट धुतली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांना कँटीनमध्ये बसवलं. प्राचार्य नळाखाली प्लेट घासताहेत हे बघायला निम्मं कॉलेज जमलं होतं. त्यानंतर प्लेट न धुता जायची कुणाची टाप नव्हती. शेठ मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मॅडमजीने माझ्या कँटीनचं गुरुद्वारा करून टाकलं."

समिती येऊन गेली. श्रेणी बरी मिळाली. कुंड्याही आल्या होत्या, कारण प्राचार्यांनी बाईंना न विचारता मागवल्याच. पण हे काही मला सांगायचं नाही. सांगायचं आहे ते सारिकाच्या नोकरीचं.

सारिका माझ्या वर्गातली. उल्हासनगरला कॅम्पात राहायची. वडील नव्हते. आई आधी जीन्सच्या वॉशिंगमध्ये कामाला होती. ते धुलाईचे कारखाने नदी घाण करतात म्हणून बंद झाले, आणि मग आई घरी बसून शिवलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायची. सारिकाला नोकरी लागणं किती गरजेचं आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या वर्षाला अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी भरतीसाठी येणार होती. ती दरवर्षी यायची, चार-पाच मुलं घेऊन जायची.

त्या वर्षी बाईंनी अट घातली. मुलाखती होतील, पण मुलं आधी कंपनीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र बघतील. ते बघून मग मुलं होकार देतील किंवा नकार.

कंपनीचे साहेब चकित झाले. "मॅडम, नोकरी आम्ही देणार की मुलं आम्हाला देणार?"

"मुलगी द्यायची तर घर बघायला नको का?" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे रीत आहे. आधी मोरी बघतो."

साहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली. मुलाखती झाल्या, सारिकाची सगळ्यांत चांगली झाली. साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, हिला आम्ही घेतोय. आणि मग आम्हाला सगळ्यांना कंपनीच्या बसने घर बघायला नेलं.

केंद्र चकचकीत होतं. निळे कठडे, झेंडूच्या कुंड्या, पाण्यातून वर येणारे बुडबुडे. शेवटी एक काचेची टाकी आणि तिच्यात केशरी मासे. "आमच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात मासे जगतात, बघा," साहेब म्हणाले. मुलांनी मोबाइल काढून माशांचे फोटो घेतले. बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला बसमध्येच बजावलं होतं, "घर तुम्ही बघायचं. नांदायचं तुम्हाला आहे. मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही."

सारिका मासे बघत नव्हती. ती सुरुवातीच्या टोकाला गेली, जिथून कारखान्याचं घाण पाणी आत येतं. तिथे पाइपावर एक मोठं लोखंडी चाक होतं. ते फिरवलं की पाणी आत. ती वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"सर, हा व्हॉल्व्ह कधी उघडता?"

"रोज. प्रत्येक शिफ्टला."

"मग याचा रंग कसा तुटला नाही?"

आम्ही सगळे वळलो. चाक आणि पाइप एकाच हिरव्या रंगाने रंगवलेले होते. जिथे चाक दांड्याला बसतं तिथे रंगाचा थर सलग होता. कुठे भेग नाही, कुठे टवका नाही. रंगवल्यापासून ते चाक कुणी हलवलंच नव्हतं. आणि चाकाच्या खाचांत साचलेली धूळ सांगत होती की रंग नवा नव्हता. म्हणजे टाकीत जे बुडबुडत होतं ते साधं नळाचं पाणी. आणि कारखान्याचं पाणी दुसऱ्याच कुठल्यातरी वाटेने जात होतं.

माझ्या तोंडात पूर्ण पत्रक तयार झालं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं. त्या पुटपुटल्या, "गप्प. स्थळ तिचं आहे."

साहेब मोकळेपणाने हसले. "अरे वा! मुलगी हुशार आहे. अशीच आम्हाला पाहिजे. जॉइन व्हा, सगळं कळेल हळूहळू."

त्या हसण्याची मला शिवीपेक्षा जास्त भीती वाटली. परतीच्या बसमध्ये सारिका खिडकीशी बसली होती. बाईंनी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे आली आणि म्हणाली, "मी नाही जात." निवडलेल्या बाकीच्यांतले दोघे गेले. बाईंनी त्यांनाही अडवलं नाही. तक्रार आम्ही प्रदूषण मंडळाकडे केली. त्या तक्रारीचं पुढे काय झालं ते विचारायला मी अजून जाते.

चार दिवसांनी सारिकाची आई कॉलेजात आली. प्रॅक्टिकल चालू होतं. ती सरळ प्रयोगशाळेत शिरली.

"मोरीवाली मॅडम तुम्हीच ना?"

"हो. बसा."

"बसायला नाय आले. तुमचं बरंय मॅडम. नदी साफ करायची म्हणून वॉशिंग बंद झाल्या, माझं काम गेलं. मी बोलले, जाऊ दे, पोरगी शिकतेय. आता पोरीचं काम आलं हातात, तर ते तुम्ही घालवलंत. तुमची नदी साफ व्हायची तर दरवेळी आमच्याच घरातनं का जाते?"

"मी तिला नको म्हटलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बघायला शिकवलं ना? मग? मला बोलते, आई, ती लोकं खोटं बोलतात. मी बोलले, खोटं कोण नाय बोलत? पगार तर खरा देतात ना?"

सारिका कोपऱ्यात उभी होती. "आई, चल ना बाहेर."

"तू गप. मला बोलू दे मॅडमशी."

बाई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे."

"बरोबर आहे तर काय? बरोबर घेऊन मी काय करू?"

ती गेली. बाई स्टुलावर बसल्या. शेवटची दहा मिनिटं आली आणि गेली, आणि आम्ही कधी नव्हे ते कुणी काही न सांगता टब भरून बाहेर पडलो. मी वडिलांची मुलगी. माझ्या घरात कामगाराची बाजू आणि नदीची बाजू एकच आहे असं मानून पत्रकं निघत. सारिकाच्या आईने त्या दोन बाजूंच्या मधोमध उभं राहून विचारलं होतं, आमच्याच घरातनं का?

दुसऱ्या दिवशी बाईंनी हरित समितीची बैठक बोलावली. विषय एकच होता. मोरी बघून जो विद्यार्थी नोकरी नाकारेल, त्याला दुसरं स्थळ मिळेपर्यंत कॉलेजने काम द्यायचं.

फिजिक्सचे सर म्हणाले, "म्हणजे बाई, कॉलेज आता माहेर काढणार?"

"हो. स्थळ बघायला आपण पाठवतो. नाही म्हणायला आपण शिकवतो. मग नाही म्हणून आलेली मुलगी गेटबाहेर उभी राहणार का? तसं असेल तर आपण काही शिकवलेलंच नाही. फक्त दुसऱ्याच्या मुलीला धाडसी करून सोडून दिलं."

"तत्त्व मान्य आहे," प्राचार्य म्हणाले. "पण बाई, यासाठी तरतूद नाही. मी व्यवस्थापनाला काय सांगू?"

त्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. प्राचार्यांनीच त्यांना पुढच्या वर्षी तासिकांवर शिकवायला या म्हणून सांगितलं होतं, आणि बाई त्यासाठी उतावीळ होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. घरी त्यांचं कुणी नव्हतं.

"माझ्या तासिका आहेत ना," बाई म्हणाल्या. "त्या मला देऊ नका. तिला ठेवा."

मला राहवलं नाही. "बाई, हे कॉलेजनं करायचं. तुम्ही एकट्यानं का भरायचं? हे म्हणजे परत एकाच माणसावर ढकलणं झालं."

"कॉलेज म्हणजे कोण गं?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला इथे बसलेली ही माणसं दिसतात. यांच्यापलीकडे कुणी आहे का, ज्याला सांगायचं?"

प्राचार्य पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मराठीचे सर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी फिजिक्सच्या सरांनी घसा साफ केला.

"तासिका कशाला सोडताय उगाच? माझ्या लॅबला दोन वर्षं सहायक नाही. जागा मंजूर आहे. ती कोण भरत नाही, ते साहेबांना विचारा." त्यांनी प्राचार्यांकडे बोट केलं. "तात्पुरती भरा म्हणावं. आणि बाई, तुम्ही पुढच्या वर्षी या. नाहीतर मी भांडू कुणाशी?"

प्राचार्यांनी टोपण लावलं. "तात्पुरती," ते म्हणाले. "तात्पुरती घेऊ."

नियम म्हणून ते कधीच लिहिलं गेलं नाही. मला त्याचा आजही राग आहे. लिहिलं असतं तर पुढच्या मुलीला कुणाच्या चांगुलपणाची वाट बघावी लागली नसती. हे मी बाईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मग तू लिही ना. तुझं कामच ते."

आमची परीक्षा संपली आणि जागेचा कागद निघाला, तेव्हा सारिकाला निरोप द्यायला मीच गेले. तिने पगार, वेळ, सुट्ट्या सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "उद्या येते. पण लॅब आधी बघते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत गेलो. बाई त्या वेळी तिकडे नव्हत्या, पहिल्या वर्षाच्या वर्गावर होत्या. सर दारात उभे होते. सारिका आत शिरली. टेबलं, स्टँड, भिंतीवरचे तक्ते यांच्याकडे तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"सर, ते कपाट उघडता?"

सर जरा घुटमळले. "त्यात काही नाही गं. जुनं सामान आहे."

"तेच बघायचंय."

सरांनी किल्ली शोधली आणि कपाट उघडलं. खालचा खण फुगलेल्या, गळलेल्या बॅटऱ्यांनी गच्च भरला होता. त्यांच्यामागे पाऱ्याच्या बाटल्या होत्या. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या. सरांनी दार पुन्हा लोटायला हात पुढे केला आणि मग तो मागे घेतला.

"याचं काय करायचं ठरलंय?" सारिकाने विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

सारिकाने खणात आणखी जरा वाकून बघितलं. मग ओढणी कमरेला खोचली.

"बरं," ती म्हणाली. "मग सोमवारपासून येते."